भाऊजींचा दात आणि काट्याचे चार माईक

“हा माझा सूर नाही. हा तुझ्या माईकचा सूर आहे. तूच ठेव तो, पिशवी देऊ का बांधून?”

असं म्हणून भाऊजींनी हेडफोन डोक्यावरून काढला आणि टेबलावर असा ठेवला, जसा घासात आलेला केस माणूस ताटाच्या कडेला ठेवतो. काट्याचं डोकं सकाळपासून तापलेलंच, त्यात हे. तो म्हणाला, भाऊजी, हा माईक ज्यांनी बनवलाय त्यांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा जरा बरे असतील. भाऊजी म्हणाले, असतील बाबा, पण त्यांनी मला कुठे ऐकलंय? काटा म्हणाला, ऐकलं असतं तर त्यांनी धंदा बदलला असता. भाऊजी उठायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून ताईनं एवढंच सांगितलं, की साडेतीन वाजलेत.

साडेतीन म्हटल्यावर दोघांचीही तोंडं बंद. कारण पाच वाजता भाऊजींचा दात काढायचा होता.

दातही साधासुधा नाही. वरचा, अगदी पुढचा, उजव्या बाजूचा. भाऊजी क्लॅरिनेट वाजवतात, थिएटरातल्या वाद्यवृंदात, बावीस वर्षं झाली. क्लॅरिनेट म्हणजे हातभर काळी लाकडी नळी. वरचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं, चोचीखाली वेताची एक पातळ पट्टी. खालचा ओठ पट्टीखाली घ्यायचा आणि वरचे पुढचे दोन दात सरळ चोचीवर टेकवायचे. म्हणजे वाद्याचा सगळा डोलारा उजव्या अंगठ्यावर आणि त्या दोन दातांवर. त्यातला एक दात मुळातून सडून चार महिने लटलट हलत होता. गाल असा सुजायचा, की एका बाजूनं भाऊजी आणि दुसऱ्या बाजूनं भाऊजींचा जाडा भाऊ.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा वेळ दिली, दोनदा भाऊजींनी गुंगारा दिला. पहिल्यांदा पोट दुखलं. दुसऱ्यांदा तालीम निघाली, जी थिएटरात कुणालाच माहीत नव्हती. तिसऱ्यांदा बाईंनी निक्षून सांगितलं, आता गोळ्या लिहून देणार नाही, पू हाडात उतरला तर एकाच्या जागी तीन दात घालवून बसाल. नवा दात बसायला तीन महिने. तो हवा तसा घासून, कमी-जास्त करून देईन, पण कसा हवा ते तुम्ही सांगायचं.

इथेच भाऊजींचं घोडं अडलं. नवा दात कसा हवा हे कशावरून सांगायचं? तर सुरावरून. आणि तीन महिन्यांत स्वतःचा सूरच कानातून गेला तर? शिंप्याकडे मापाला जुना सदरा न्यावा लागतो, तसं त्यांना मापाला स्वतःचा सूर हवा होता. शेवटी मेहुण्यापाशी आले. माझा सूर जसा आहे तसा रेकॉर्ड करून दे, म्हणाले, मग मी दात देतो. नाही जमलं तर मी हा दात घेऊनच मरेन. ताईनं हे ऐकलं, शिवणयंत्र झाकलं आणि सोबत आली. नवऱ्याला तिथून थेट दवाखान्यात न्यायचं, हा तिचा बेत चेहऱ्यावरच लिहिलेला.

काट्याला काटा का म्हणतात? तर आवाज किती चढला हे दाखवणारी जी सुई असते, तिच्यावरून त्याची नजर हटत नाही म्हणून. घरी कुणी मोठ्यानं शिंकलं तरी म्हणायचा, काटा लालमध्ये गेला, जरा मागे सरका. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची दोन खोल्यांची जागा. आतल्या खोलीला भिंतीभर जुन्या गाद्या ठोकलेल्या, बाहेरच्या खोलीत टेबल, यंत्रं आणि मधे काच. बरंचसं काम बोलणाऱ्या माणसांचं. दुकानांच्या जाहिराती, फोनवरच्या सूचना. चौकातल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणारी बाई याच खोलीत उभी राहून तेवढंच बोलून गेली होती. त्यामुळे हाताला एक सवय लागून गेलेली. माणूस आला की उभा करायचा, माईक तोंडापासून एक वीत. झालं काम.

त्याच्याकडे माईक होते चार, आणि चारही त्याला पोटच्या पोरांसारखे. भाऊजींनी आत्ता ज्याला नाक मुरडलं तो मोठा. चकचकीत, काचेसारखा स्वच्छ ऐकणारा, वरच्या आवाजाला आपल्या पदरची थोडी झळाळी देणारा. लिफ्टवाली बाई त्यात अप्सरा वाटते. पण भाऊजींच्या क्लॅरिनेटमधली चाव्यांची टकटक, श्वासाची फुसफुस, नळीत साठलेल्या थुंकीची खुळखुळ, सगळं त्यानं हौसेनं टिपलं. जेवणापेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त, असं भाऊजींचं म्हणणं.

काट्यानं दुसरा काढला. स्टेजवर गाणारे हातात धरतात तो, दणकट, पडला तरी न फुटणारा. त्यात भाऊजी रजई पांघरून वाजवतायत असं वाटत होतं. हे काट्यालाच वाटलं, पण कबूल कोण करणार. भाऊजींनी नुसती नकाराची मान हलवली.

मग त्यानं तिसरा आणला, जो तो लोकरीच्या मोज्यात घालून ठेवायचा. त्याला रिबन म्हणतात. आत दोन लोहचुंबकांच्या मधे केसाहून पातळ अशी धातूची फीत असते आणि ती आवाजानं थरथरते. फुंकर मारली तरी फाटेल इतकी नाजूक. हा माईक लावताना काटा श्वाससुद्धा जपून घेतो. भाऊजींनी वाजवलं, बाहेर आले, डोळे मिटून ऐकलं. चेहरा हळूहळू सैल झाला. काट्याला वाटलं, जिंकलो.

“वा,” भाऊजी म्हणाले. “सुरेख. कोण वाजवतोय हा?”

काट्यानं दातओठ खाल्ले. खाताना आपले सगळे जागेवर आहेत हेही त्याला जाणवलं आणि क्षणभर लाज वाटली. पण क्षणभरच. मग त्यानं तोंडाचा पट्टा सोडला. तुम्हाला आवाज नकोय, तुम्हाला दवाखाना चुकवायचाय, म्हणाला. चार माईक काय, चाळीस आणले तरी तुम्ही नाहीच म्हणणार. घाबरट आहात, तसं सरळ सांगा. भाऊजींचा सुजलेला गाल लाल झाला. ते म्हणाले, तुला तुझ्या सुईशिवाय दिसतं काय? सूर लाल असतो का हिरवा असतो एवढंच तुझं ज्ञान. मी रियाझ करतो आणि तू बटणं पिळतोस.

भांडण आता घराण्यांवर घसरणार हे ओळखून ताई स्टुलावरून उठली. तुमचं चालू द्या, म्हणाली, आणि बाहेर जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. जाताना दोन्ही दारं उघडी टाकली.

आत भाऊजी रागारागानं वाजवायला लागले. काट्याला दाखवून द्यायचं म्हणून त्यांनी रोजच्या रियाझातला एक संथ तुकडा घेतला. तळातल्या सुरावरून निघायचं, पायरी पायरी चढत वर जायचं, वर जरा टेकायचं आणि घसरत खाली यायचं. काट्यानं यंत्रही लावलं नव्हतं. तो पाठ फिरवून रिबन मोज्यात गुंडाळत बसला होता.

आणि जिन्यावरून ताईचा आवाज आला. “आत्ता कसं. इथून बरोबर हेच ऐकू येतायत.”

काटा वळला. हेच म्हणजे कोण, असं विचारलं, तर ताईनं वेड्याकडे बघावं तसं बघितलं. हेच म्हणजे तुझे भाऊजी. आत बसून ऐकलं ते भाऊजी नव्हते, आणि त्या डब्यातून वाजवून दाखवलंस ते तर मुळीच नव्हते. मग ती म्हणाली, घरी हे पुढच्या खोलीत वाजवतात, माझं यंत्र मागच्या खोलीत, मधे बारा पावलं आणि एक दार. मला हे असेच ऐकू येतात. सोळा वर्षं.

काट्यानं हातातला मोजा खाली ठेवला. आत गेला, भाऊजींना म्हणाला, वाजवत राहा, थांबू नका. आणि एका कानात बोट घालून, दुसरा कान पुढे करून त्यांच्याभोवती फिरायला लागला. वाकला, बसला, गुडघ्यांवर रांगला. भाऊजींना हसू यायला लागलं पण हसलं तर फुंक सुटते, म्हणून ते तसेच वाजवत राहिले. काट्यानं कान क्लॅरिनेटच्या खालच्या रुंद तोंडाशी नेला, जिथे तो मघापासून सगळे माईक लावत होता. अगदी तळातला सूर तेवढा तिथून निघत होता. बाकीचे सूर? ते वरूनच सुटत होते, या भोकातून, त्या भोकातून, नळीच्या अंगभर. तळाशी पोचत होता तो उरलासुरला गाळ.

तो तसाच फरशीवर बसून राहिला. लिफ्टवाल्या बाईला तोंड एकच असतं. या नळीला भोकाभोकाला तोंड आहे. आणि आपण शहाण्यासारखं एका तोंडाशी वीतभर अंतरावर माईक धरून तीनदा विचारलं, बोला, ओळखू येताय का? माणसाच्या पायापाशी कॅमेरा धरून फोटो काढायचा आणि मग म्हणायचं, बघा, तुमचाच आहे.

अशी चूक तो मोठ्यानं कबूल करणाऱ्यातला नव्हता. पण त्यानं चौथा माईक काढला. पेन्सिलीएवढा, दिसायला काहीच नाही असा, ज्याच्यावर त्याचा सगळ्यात कमी जीव होता कारण तो आपल्या पदरचं काहीच घालत नाही. तो घेऊन दारापाशी गेला, ताईला म्हणाला, सरळ उभी राहा, हलू नकोस. तिच्या कानाच्या उंचीवर, कानाला लागूनच उभ्या दांडीवर माईक अडकवला. भिंतीवरच्या दोन गाद्याही उतरवल्या, खोलीला थोडं बोलू दे म्हणून. मग भाऊजींना तोच तुकडा परत वाजवायला सांगितला.

स्पीकरवर लावून ऐकलं तेव्हा ताई पहिल्या दोन सुरांतच म्हणाली, हे. काट्यालाही कळलं. खोली होती, अंतर होतं, आणि अंतराच्या पलीकडे एक माणूस वाजवत होता ज्याला तो सोळा वर्षं ओळखत होता.

भाऊजींनी शेवटपर्यंत ऐकलं. “जवळ आलंय,” म्हणाले. “पण माझं नाही.”

आता सव्वाचार झाले होते. काटा ओरडला नाही, एवढा तो चिडला होता. भाऊजी, म्हणाला, शेवटचं. तुम्ही हेडफोन कानाला लावूनच वाजवा. मी इकडे बटणं फिरवत राहतो. तुमचा सूर आला की मान हलवा, मी तिथेच हात थांबवतो. भाऊजींना हे पटलं. त्यांनी ते जाड, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घातले आणि डोळे मिटून सुरुवात केली.

तळातून निघाले, चढले. तिसऱ्या सुराला त्यांच्या कपाळावरची आठी गेली. वर टेकेपर्यंत चेहरा असा झाला, जसा प्रवासातून घरी येऊन चप्पल काढल्यावर होतो. जोरजोरात मान हलवली. तुकडा संपवून म्हणाले, “हाच. अगदी हाच. आता हात लावू नकोस कशाला.”

काट्यानं कशालाच हात लावला नव्हता. तो खाली बघत होता. मघाशी दारापाशी माईक नेताना सगळ्या वायरी ओढल्या गेल्या होत्या, आणि हेडफोनची वायर यंत्रातून निघून फरशीवर पडली होती. भाऊजींच्या कानात काहीच येत नव्हतं. टाचणी पडल्याचाही आवाज नाही.

त्यानं वायरीचं टोक उचललं आणि नुसतं वर धरून काचेतून दाखवलं. हसू ओठांपर्यंत आलं होतं. पण भाऊजींचा चेहरा बघितला आणि ते तिथेच थिजलं.

भाऊजींनी हेडफोन काढले. त्या टोकाकडे बघितलं. मग त्यांचं बोट आपोआप वर गेलं आणि पुढच्या दाताला लागलं. दात हलला. कान झाकलेले, वायर सुटलेली, मग ऐकलं कुठून? चोचीतून दातात, दातातून हाडात, हाडातून आत. बावीस वर्षं ते स्वतःला असंच ऐकत आले होते. जगातला कुठलाही माईक तिथे पोचणार नव्हता.

“म्हणजे तो सूर बाहेर कधी नव्हताच,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. “दात गेला की माझ्यापुरता संपला.”

आणि त्यांनी क्लॅरिनेट सुटी करायला घेतली. एकेक तुकडा फडक्यानं पुसून पेटीत ठेवत म्हणाले, राहू दे, जाऊ घरी. सुजला तर सुजू दे. तीन जाणार तर तीन जाऊ देत, पण आज नको.

ताई दारातून आत आली, पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “सोळा वर्षं मी ऐकतेय. तुमचा दात माझ्या कानात कधीच नव्हता. थिएटरात तिकीट काढून येतात त्यांच्याही नव्हता. आम्हाला आवडलात ते दाताशिवायचेच.”

भाऊजी म्हणाले, ते झालं तुमचं. माझं काय? तेवढ्यात काट्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. तो एका दमात जिना उतरला. खालच्या सायकलवाल्यानं पंक्चरला जोडायच्या रबराचा तुकडा दिला, नखाएवढा. काट्यानं तो वर आणून चोचीवर चिकटवला, बरोबर जिथे दात टेकतात तिथे. आता दाताला धरायला रबर मिळेल, थरथर वर जाणार नाही, म्हणजे दात नसल्यासारखंच. म्हणाला, भाऊजी, एकदा रबर लावून, एकदा काढून. तोच तुकडा. मग हवं तर घरी जा, मी अडवणार नाही. नकोसं तोंड करून का होईना, भाऊजी तुकडे परत जोडायला लागले.

रबर लावून वाजवताना त्यांचं तोंड कडू झालं. कापूस चावतोय असं वाटतंय, म्हणाले. शेजारच्या घरात कुणीतरी वाजवतंय आणि बोटं तेवढी माझी आहेत. पण वाजवलं. मग रबर काढून वाजवलं. माईक तोच, ताईच्या कानापाशी.

काट्यानं त्यांना टेबलाकडे पाठ करून बसवलं आणि एकामागून एक दोन्ही लावली. कुठलं आधी ते सांगितलं नाही. भाऊजी म्हणाले, परत. परत लावली. म्हणाले, पहिलं रबराचं. मग म्हणाले, नाही, दुसरं. मग तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी हात वर केला.

“थांब. वर चढून टेकल्यावर, खाली यायच्या आधी, हे काय होतंय?”

काट्यानं तेवढाच भाग परत लावला. वरच्या सुरावर भाऊजी टेकायचे आणि सोडताना सूर एकदम सुटायचा नाही, किंचित रेंगाळायचा, पाहुणा दारात चप्पल घालताना दोन शब्द जास्त बोलतो तसा. भाऊजींना हे माहीतच नव्हतं. आतून कधी ऐकू आलं नव्हतं. त्यांनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, ते तर रोजचंच. त्यावरूनच मला कळतं की तुम्ही वाजवताय, रेडिओ नाही.

“दुसऱ्यात पण आहे का?”

दुसऱ्यातही होतं. तेवढंच, तिथेच. रबर कुठल्यात होतं हे कुणी विचारलंही नाही. भाऊजींनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि दोन्ही कानांमागे हात धरून, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं स्वतःला ऐकायला लागले. मधेच स्वतःशी म्हणाले, हा मधला जरा घाईत जातो. मधेच म्हणाले, हा बरा आहे हं. ताईनं घड्याळाकडे बघितलं, पण या वेळी सांगितलं नाही.

मग भाऊजी कामाचं बोलायला लागले. ओठाला नव्यानं शिकवावं लागेल, म्हणाले. तीन महिने नाही, सहा लागतील. पहिले काही आठवडे बदकासारखं वाजेल, थिएटरातले हसतील, हसू देत. रोज वाजवायचं, रोज बारा पावलांवरून रेकॉर्ड करायचं आणि या मापाला लावून बघायचं. माईक तू देणार. काटा म्हणाला, मोठा न्या. भाऊजी म्हणाले, मोठा नको, तो पेन्सिलवाला दे, तो गप्प बसून ऐकतो.

काट्यानं रेकॉर्डिंग भाऊजींच्या फोनमध्ये टाकलं, ताईच्याही टाकलं. पण आता त्याचे हात स्वस्थ बसेनात. त्यानं मोज्यातून रिबन परत काढला, दारापाशी नेला. भाऊजी, म्हणाला, हा इथे लावला तर काय येईल बघू या? या जागेवरून मी कधी कुणाला ऐकलंच नाही. एकदाच, दोन मिनिटं, तो तुकडा नको, दुसरं काहीतरी घ्या, वरच्या पट्टीतलं.

भाऊजींनी पेटीची कडी लावली. गालावरून एकदा हात फिरवला, ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्याची पहिली पायरी उतरले.

“आता नाही,” ते म्हणाले. “मला निघायला हवं.”